दहा सेंटिमीटरांचा उतार

बायकोच्या चित्रांचं प्रदर्शन असेल तर चित्रं टांगायचं काम तिच्या भावाला करू द्यावं, असा माझा आता सगळ्यांना सल्ला आहे. तो ती वाकडी टांगेल, लोक वाकड्या माना करून 'वा, वा' म्हणतील आणि संध्याकाळी सगळे सुखाने आपापल्या घरी जातील. मी ती सरळ टांगायला गेलो. पुढे काय काय झालं याच्या निरनिराळ्या आवृत्त्या वस्तीत फिरत आहेत, आणि त्यातल्या एकीतही माझी बाजू नीट आलेली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

कलादालन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे उभं राहिलं असेल ते आधी पुसून टाका. आमच्या वस्तीचं कलादालन म्हणजे सार्वजनिक वाचनालयाच्या डोक्यावरची एक लांबट खोली. बारा मीटर बाय पाच. कोपऱ्यात एक लोखंडी कपाट आहे. त्याची किल्ली कोणाकडे आहे हे माहीत नसल्यामुळे ते कोणी हलवत नाही, आणि त्यामुळे प्रत्येक प्रदर्शनात ते असतंच. (एका पाहुण्याने त्याच्यासमोर बराच वेळ उभं राहून 'हे कोणाचं?' म्हणून विचारलं होतं.) दर महिन्याला इथे वस्तीतल्याच एखाद्या कलाकाराचं प्रदर्शन भरतं. गेल्या महिन्यात बँकेतल्या कॅशियरने काढलेले पक्ष्यांचे फोटो होते. बहुतेक फोटोंत पक्षी नुकताच उडून गेलेला होता. त्याआधी एका निवृत्त कंपाउंडरांनी साबणात कोरलेले घोडे होते. दुसऱ्या दिवशी खिडकीतून पाऊस आत आला आणि तीन घोड्यांना फेस आला, पण प्रदर्शन पूर्ण आठवडा चाललं. आमच्याकडे माणसं चिवट आहेत.

आणि ही इमारत माझी आहे. मालकीची नव्हे. मी बांधकाम खात्यात एकतीस वर्षं ओव्हरसीअर होतो आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वी ही इमारत माझ्या देखरेखीखाली उभी राहिली. तिच्या पायापासून छतापर्यंतच्या लेव्हल मी स्वतः, दुर्बिणीला डोळा लावून काढलेल्या आहेत. तिच्यावरून जाताना मी मान वर करून एकदा बघतो. सोबत कोणी असेल तर त्यालाही बघायला लावतो.

आता बायकोबद्दल. ती शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवत होती. निवृत्त झाल्यावर बायका काय काय करतात ते मी ऐकून होतो आणि कशालाही तयार होतो, पण हिने रंगांची पेटी आणली. ती वाट पाहणारी माणसं काढते. दवाखान्याच्या बाकावर बसलेली, बँकेच्या खिडकीपुढे उभी, बसथांब्यावर, लाँड्रीच्या दारात. चार वर्षांत चौदा चित्रं झाली, सगळी आमच्या जेवणाच्या टेबलावर, आणि ती चार वर्षं मी ताट मांडीवर घेऊन जेवलो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. चित्रं चांगली आहेत. त्यातल्या माणसांकडे बघितलं की आपल्यालाही कुठेतरी उशीर होतो आहे असं वाटायला लागतं.

पण गेल्या वर्षापासून तिच्या उजव्या हाताची बोटं आखडायला लागली. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बसल्याशिवाय ब्रश धरता येत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि 'वय' असा एक शब्द दिला. कलादालनाच्या यादीत दीड वर्षापूर्वी तिचं नाव लावलं होतं. ते वर आलं, शनिवारची तारीख मिळाली, तेव्हा ती मला म्हणाली, "एकदा सगळी भिंतीवर ओळीने बघायचीत मला. अजून नवी होताहेत तोवर. मग बोटांचं काय व्हायचं ते होऊ दे." तिने माझ्याकडे आजवर फारसं काही मागितलेलं नाही. म्हणून मी म्हटलं, टांगायचं माझ्याकडे लागलं.

"भाऊजी, मी टांगतो की," मेहुणा म्हणाला. त्याचं पडद्यांचं दुकान आहे आणि जगातली प्रत्येक अडचण झालर लावून सुटते असा त्याचा अनुभव आहे. "चाळीस मिनिटांचं काम. डोळ्यांच्या अंदाजाने ठोकून मोकळं व्हायचं."

"अंदाजाने तुझे पडदे टांग," मी म्हटलं. "ही तुझ्या ताईची चित्रं आहेत."

खिळे ठोकायचे तर कलादालनाच्या चिटणिसांची परवानगी लागते. हे गृहस्थ कोर्टाच्या दप्तरखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना 'नमस्कार' म्हटलं तरी ते आधी तारीख बघतात. खिळ्यांचा अर्ज दोन प्रतींत असतो आणि त्यात 'जमिनीपासून खिळ्याची उंची' असा एक रकाना आहे. मी भिंतीचा प्रमाणबद्ध नकाशा जोडला, चौदा खिळ्यांना क्रमांक दिले, आणि उंचीच्या रकान्यात लिहिलं, 'सर्व एक मीटर साठ'. चिटणिसांनी अर्ज उलटून पालटून बघितला आणि म्हणाले, "इतका पूर्ण भरलेला अर्ज मी या खोलीत प्रथमच बघतोय." मला बरं वाटलं हे मी लपवत नाही.

सोमवारी सकाळी मी कामाला लागलो. पहिला खिळा दाराजवळ, जमिनीपासून एक साठवर. तिथून पुढचे तेरा मी पाणसळ लावून घेतले. पाणसळीच्या काचेतला बुडबुडा मधोमध आल्याशिवाय मी हातोडी उचलली नाही. साडेतीन तास लागले. चौदावं चित्र टांगून मी मागे सरकलो आणि बघितलं.

चित्रांची रांग डोंगर चढत होती.

म्हणजे दाराशी ठीक होती, पण पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत छताखालच्या तुळईला भिडायला निघाली होती. बँकेपुढची माणसं, दवाखान्यातली माणसं, सगळी एका रांगेत वर चाललेली. मी पुन्हा पाणसळ लावली. बुडबुडा मधोमध. मी चष्मा पुसला. बुडबुडा तिथेच.

एवढ्यात कलादालन समितीच्या अध्यक्षा आल्या. त्या दातांच्या डॉक्टर आहेत. समोरचा माणूस तोंड उघडून बसलेला असणार आणि उत्तर देऊ शकणार नाही, या सवयीने त्या सगळ्यांशीच बोलतात. "अगंबाई, हे काय, रांग वर चाललीय, नाही का, किती वाकडं दिसतंय, दुखतंय अगदी बघायला, जरा खाली घ्या हं, एवढंसंच, झालंच—"

"रांग सपाट आहे," मी म्हटलं. "खोली खाली चाललीय."

त्या थांबल्या. पेशंटने उत्तर दिलं की त्यांना पुढचं सुचत नसावं.

तेवढ्यात चिटणीस टेप घेऊन आले. पहिला खिळा जमिनीपासून एक साठ. सातवा एक पासष्ट. चौदावा एक सत्तर. "अर्जात एक साठ लिहिलंय," ते म्हणाले. "इथे एक सत्तर भरतंय. म्हणजे अर्जाशी विसंगती."

"विसंगती खिळ्यात नाही, जमिनीत आहे!"

"जमिनीने अर्ज केलेला नाही," चिटणीस म्हणाले.

मेहुणा जिन्यात उभा राहून हे ऐकत होता. तो वर आला, रांगेकडे बघितलं आणि म्हणाला, "भाऊजी, खालून एक झालर लावली तर कळणार नाही."

मी नळी आणली. गवंडी वापरतात ती, पारदर्शक, पाण्याने भरलेली. दोन टोकं दोन भिंतींशी धरली की पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला येतं. पाण्याला कोणाचीही भीड नसते. एक टोक मेहुण्याच्या हातात, एक माझ्या. निकाल लागला: दारापासून पलीकडच्या भिंतीपर्यंत खोली दहा सेंटिमीटर उतरलेली होती. जमीनही आणि छतही.

आता इथे दुसरा एखादा शहाणा माणूस 'असं का' म्हणाला असता आणि रांग खोलीच्या कलाने टांगून घरी गेला असता. पण अध्यक्षाबाई सहज म्हणाल्या, "बांधतानाच वाकडी बांधली असेल कोणीतरी." कोणीतरी! मी त्यांना सांगितलं की तो 'कोणीतरी' त्यांच्यासमोर उभा आहे, आणि त्याने इमारत दिली तेव्हा ती टेबलासारखी सपाट होती. "गेल्या वर्षी त्या भिंतीलगत पालिकेने गटारासाठी खणलं, तेव्हापासून ती खचतेय. मी सिद्ध करून दाखवतो," मी म्हटलं.

बायको सकाळपासून माझ्याबरोबरच होती, एकेक चित्र पुसून हातात देत. ती म्हणाली, "अहो, खोलीसारखंच टांगू या ना. छान दिसतील."

"प्रश्न चित्रांचा नाही," मी म्हटलं. हे वाक्य मी का बोललो ते मला आजही सांगता येत नाही.

त्याच दुपारी मी वॉर्ड ऑफिसला तक्रार लिहिली. तीन पानं, सोबत उभा छेद, लाल शाईने दाखवलेला उतार. शेवटी 'तातडीने कारवाई न झाल्यास जीवितहानी संभवते' असं लिहिलं, कारण तक्रारीचा शेवट असाच करायचा असतो, आणि प्रती पाच कार्यालयांना माहितीसाठी. एकतीस वर्षं खात्यात काढल्यामुळे मला पक्कं ठाऊक होतं की याला तीन महिन्यांत उत्तर येणार नाही. तोवर प्रदर्शन आरामात होऊन जाईल, आणि रेकॉर्डवर माझी बाजू राहील. इतका साधा हिशेब होता.

बुधवारी सकाळी वॉर्ड ऑफिसची इंजिनीअर हजर.

मुलगी माझ्या नोकरीपेक्षा वयाने लहान असेल. डोक्यावर पिवळी टोपी, हातात माझी तक्रार, आणि तिने ती वाचलेली होती! तीनही पानं! अशी माणसं आता खात्यात येऊ लागली आहेत याची मला कोणी कल्पना दिली नव्हती. "काका, तुम्हीच ना?" ती म्हणाली. सर नाही, साहेब नाही, काका. समितीची मंडळी, बायको, मेहुणा सगळे जमले होते. तिने स्वतःचं यंत्र लावलं, चार ठिकाणी मापं घेतली, वहीत लिहिली, बेरीज केली, मग परत पहिल्या जागी येऊन पडताळा घेतला.

"दहा सेंटिमीटर आणि वर दोन मिलिमीटर. तुमचं बरोबर आहे, काका. मानलं तुम्हाला."

मी अध्यक्षाबाईंकडे बघितलं. मी चिटणिसांकडे बघितलं. मेहुण्याकडे तर मी जरा जास्तच वेळ बघितलं.

"म्हणजे इमारत खचतेय," मुलगी म्हणाली, "म्हणजे हॉल बंद." आणि तिने पिशवीतून छापील कागद आणि डिंकाची बाटली काढली.

"बंद म्हणजे?"

"सविस्तर तपासणी होईपर्यंत. दोन-तीन महिने लागतील."

"अगं पण शनिवारी प्रदर्शन आहे! हलकी चित्रं आहेत ती, कागदावरची!"

"काका, 'जीवितहानी संभवते' हे तुमचंच वाक्य आहे," ती म्हणाली. रागाने नव्हे, तिला खरोखरच माझी काळजी वाटत होती. "तुमच्याकडे मूळच्या लेव्हलची नोंद आहे का? किती वर्षांत किती खचली ते कळलं तर मला काही करता येईल. ऑफिसात शोधलं मी, काही मिळत नाही."

चिटणिसांनी नियम वाचून दाखवला. ज्या कलाकाराचं प्रदर्शन ठरल्या तारखेला भरत नाही, त्याचं नाव यादीच्या शेवटी जातं. कारण कोणतंही असो. यादीत एकोणीस जण होते. महिन्याला एक. बायको गणिताची असल्यामुळे तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

घरी आल्यावर तिने चित्रं जुन्या चादरींत गुंडाळायला घेतली. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "राहू दे, मी करते." एवढंच. ती भांडली असती तर मी उत्तरं तयार ठेवली होती, चांगली सात-आठ होती. एकही वापरायला मिळालं नाही. मेहुणा दारात उभा होता. त्याने फक्त "भाऊजी" असं म्हटलं आणि पुढचं वाक्य न बोलता निघून गेला, आणि ते न बोललेलं वाक्य मी दिवसभर ऐकत होतो.

पण माझ्याकडे नोंद होती. खात्यात कागद हरवतात म्हणून प्रत्येक लेव्हल-बुकाची एक नक्कल मी घरी ठेवत आलेलो आहे. कपाटावर पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यात वर्षवार लावलेली एकतीस वर्षं. गुरुवारी दुपारी ती खाली काढली. इमारत सपाट होती हे या वहीने सिद्ध होणार, दोष गटाराचा ठरणार, खचण्याचा वेग काढता येणार, आणि मुलगी हॉल उघडून देणार. मी वही बायकोपुढे ठेवली. "हे बघ, काय अक्षर आहे," मी म्हटलं. शेजारी समासात त्या दिवशीची एक नोंदही होती: 'गवंडी म्हणतो, नळीचं पाणी दुसरंच सांगतं. गवंडी हट्टी आहे.'

तिने चष्मा लावला. अक्षराचं कौतुक केलं नाही. बोट वरपासून खाली आणत ती एका ओळीवर थांबली.

"शून्य पूर्णांक सत्त्याऐंशी अधिक शून्य पूर्णांक पंचेचाळीस," ती म्हणाली. "सात आणि पाच?"

"बारा," मी म्हटलं.

"दोन लिहिलेत. हातचा?"

मी वहीत बघितलं. आठ आणि चार बारा, असं माझं सुंदर अक्षर म्हणत होतं. एक पूर्णांक बावीस. हातचा एक कुठेच नव्हता. अठ्ठावीस वर्षं तो कुठेच नव्हता.

"एक पूर्णांक बत्तीस हवं," बायको हळूच म्हणाली. "दहा सेंटिमीटर."

सवयीने तिने लाल पेनचं टोपण काढलं होतं. ते तिने परत लावलं. आणि खाली, शेवटच्या ओळीत, ठळक लिहिलेलं होतं: 'परत येऊन पडताळा घेतला. बरोबर.' घेतला नव्हता. त्या दिवशी यंत्र पेटीत भरून झालं होतं, साहेबांना पान त्याच दिवशी हवं होतं, आणि पडताळा माझ्या हातून कधी चुकत नाही अशी माझी खात्री होती. कालच त्या पोरीने माझ्या डोळ्यांदेखत परत जाऊन घेतला होता.

म्हणजे इमारत खचलेली नव्हतीच. ती जन्मतःच तशी होती. जमीन माझ्या खुणांवर बसली आणि भिंती जमिनीवरून मोजल्या गेल्या, म्हणून छतही तसंच. तिला काहीही झालेलं नव्हतं. अख्ख्या वस्तीत हे दोनच माणसांना माहीत होतं, आणि दोघंही आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसली होती.

"हे कोणाला दाखवायचं नाही," बायको म्हणाली.

"पण मग प्रदर्शन—"

"एकोणीस महिने काही फार नाहीत. अहो, अजून तिथून जाताना मान वर करून बघता तुम्ही. उद्यापासून कुठे बघाल? राहू दे. ठेवा ती वही." आणि तिने स्वतःच वही ट्रंकेत ठेवली, झाकण लावलं आणि कडी दाबायला गेली. कडी जरा कडक आहे. तिच्या बोटांनी ती दबेना. तिने डाव्या हाताने दाबून बघितली, दोन्ही हातांनी बघितली, मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एवढी लावता का?"

मी कडी लावली नाही. मला फार वाईट वाटलं, आणि ते इमारतीचं नव्हतं, त्या बोटांचं होतं. मी वही परत बाहेर काढली.

शुक्रवारी कार्यालय उघडायच्या आधी मी वॉर्ड ऑफिसच्या दारात उभा होतो. मुलगी आली, तिच्यापुढे वही ठेवली आणि म्हटलं, "सात आणि पाच करून बघा."

तिने केलं. मग आपली परवाची मापं शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून बघितली. "फरक दोन मिलिमीटरचा," ती म्हणाली. "काका, अठ्ठावीस वर्षांत ही इमारत काडीमात्र हललेली नाही! चूक फार भक्कम बांधलीय तुम्ही."

"आभारी आहे," मी म्हटलं. "आता हॉल उघडून द्या."

"लेखी द्यावं लागेल. उतार खचण्याने नाही, लेव्हल घेणाऱ्याच्या चुकीने आहे, असं. सहीनिशी." ती जरा घुटमळली. "काका, असं कोणी लिहून देत नाही. आमच्याकडे चुका इमारतीच करतात."

"लिहा," मी म्हटलं. "आणि पडताळा घेतला असं वहीत लिहिलंय, तो घेतला नव्हता. तेही लिहा."

वाटलं होतं एका सहीवर भागेल. पण कागदाला पाच टेबलांवरून जायचं होतं, आणि प्रत्येक टेबलावरच्या माणसाला तो समजावून हवा होता. पहिल्या टेबलाला मी खालच्या आवाजात सांगितलं. दुसऱ्याला कमी ऐकू यायचं. तिसऱ्या टेबलावर एके काळी माझ्या हाताखाली काम केलेला कारकून निघाला. तो उठून उभा राहिला, कागद वाचला आणि काय करावं ते न कळून उभाच राहिला. "बस रे," मी म्हटलं, "माझ्याच हातचं आहे." चौथ्या टेबलापर्यंत मला हकिकत इतकी पाठ झाली होती की सांगताना मी हातवारे करू लागलो. पाचव्या टेबलावरच्या साहेबांनी सही केली आणि खाली शेरा मारला: नागरिकांच्या मनात भीती राहू नये म्हणून या निवेदनाची प्रत हॉलच्या दर्शनी भागी, ठळक अक्षरांत लावावी.

शनिवारी सकाळी सील निघालं. मेहुण्याने जमिनीपासून एक साठ मोजून चौदा चित्रं चाळीस मिनिटांत टांगली. मी स्टूल धरलं. अध्यक्षाबाई "किती छान, बघा, काहीच दुखलं नाही" म्हणाल्या. चिटणिसांनी प्रत्येक खिळा मोजून अर्जावर 'सुसंगत' असा शिक्का मारला. आणि मग त्यांनीच दारातल्या फळ्यावर माझं निवेदन लावलं. वॉर्ड ऑफिसने ते भल्या मोठ्या टायपात काढलं होतं. रस्त्यापलीकडून वाचता आलं असतं. 'या सभागृहाच्या जमिनीस असलेला दहा सेंटिमीटरचा उतार हा लेव्हल घेणाऱ्या ओव्हरसीअरने बेरजेत हातचा न धरल्याने व पडताळा न घेतल्याने निर्माण झाला असून इमारत पूर्णतः सुरक्षित आहे.' खाली माझी सही, सुवाच्य.

लोक आले. मला वाटलं होतं त्याहून पुष्कळ आले, कारण हॉल बंद झाल्याची बातमी वस्तीभर गेली होती आणि जे बंद झालं ते बघायला माणूस जास्त येतो. बायको सुरुवातीला कपाटाशी उभी होती, दोन्ही हात पदराखाली. मग लाँड्रीवाला आला, स्वतःच्या चित्रापुढे थबकला आणि मोठ्याने म्हणाला, "बाई, मी एवढा थकलेला दिसतो?" ती पुढे झाली. "गिऱ्हाईक नसताना दिसता," ती म्हणाली, आणि त्याला इस्त्रीच्या वाफेचा रंग कसा केला ते सांगू लागली. दहा मिनिटांनी तिच्याभोवती पंधरा माणसं होती आणि तिचा वर्गातला आवाज परत आला होता. भिंतीवर ओळीने चौदा चित्रं. ती मधेच बोलायची थांबून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घ्यायची. मी ते दारातून बघत होतो. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

तेवढ्यात बाहेरगावचे कोणी एक गृहस्थ आले. त्यांनी फळ्यावरचा कागद वाचला. दुसऱ्यांदा वाचला, मोठ्याने, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा, आणि हसत सुटले. "हातचाच धरला नाही! कोण हा महाभाग?"

चिटणीस छताकडे बघू लागले. मेहुण्याचं तोंड उघडलं होतं, पण सुदैवाने त्याला काही सुचलं नाही. मी पुढे होऊन 'मी' म्हणणार, तोच घोळक्यातून वाट काढत बायको दारापर्यंत आली.

"माझे मिस्टर," ती म्हणाली. वर्गातल्याच आवाजात. "अठ्ठावीस वर्षांपूर्वीची चूक. कोणाला कधी कळली नसती. काल स्वतः जाऊन लिहून दिली, पाच टेबलांवर. म्हणून ही चित्रं आज भिंतीवर आहेत." मग तिने माझा हात धरला आणि मला त्या कागदाच्या बरोबर शेजारी उभं केलं. "इथून सुरुवात करायची. आधी हे वाचायचं, मग चित्रं बघायची."

पुढे संध्याकाळपर्यंत आलेल्या प्रत्येकाला ती हेच सांगत होती. चौतीस वर्षांच्या संसारात तिने चार लोकांत माझं कौतुक असं कधी केलं नव्हतं, आणि केलं ते माझ्या सगळ्यात मोठ्या चुकीचं. मी मान ताठ ठेवून उभा राहिलो आणि येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करत राहिलो.